मेक्सिकन मातीचे पेले: कशातून प्यावं आणि काय नुसतं मांडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी ह्यूस्टनला असते. मेक्सिकोच्या सहलीहून येताना तिने आईसाठी चार भांडी आणली. एक तपकिरी, चकाकणारा, कान असलेला छोटा मग. त्यावर पांढरी फुलं आणि मधोमध आईचं नाव. एक काळाभोर, आरशासारखा चमकणारा पेला. एक पांढरा कप, त्यावर निळी नक्षी. आणि एक विटकरी रंगाचा, हाताला गुळगुळीत लागणारा पाण्याचा चंबू. या भांड्यांतून चहा-सरबत प्यायलं तर चालेल का, आणि चारांतलं अस्सल कुठलं?

आधी उत्तर देते, मग कारणं. तपकिरी मगातून काहीही पिऊ नका, निदान तपासून घेईपर्यंत तरी नाही. काळ्या पेल्यात पाणी ठेवू नका. विषाची भीती नाही, पण तो पाझरेल. निळ्या-पांढऱ्या कपाचा तळ बघा आणि मग ठरवा. विटकरी चंबूला आत-बाहेर कुठेही काचेसारखा थर नसेल, तर त्यातून गार पाणी खुशाल प्या. आणि अस्सल म्हणाल, तर चारही अस्सल असू शकतात.

मी स्वतः मातीत काम करते, भट्टी लावते, आणि वाहाका व हालिस्को या मेक्सिकोच्या दोन्ही राज्यांत तिथल्या कुंभारांच्या शेजारी बसून शिकले आहे. माझ्याकडे कुणी मेक्सिकन भांडं घेऊन आलं की मी नक्षी नंतर बघते. आधी बघते ती चकाकी. ही चकाकी कशाने आली आणि भांडं किती आच खाऊन आलं, एवढं कळलं की त्यातून काय प्यायचं ते आपोआप कळतं.

स्पॅनिश लोक येण्याआधी, म्हणजे १५१९ च्या आधी, मेक्सिकोत कुंभाराचं फिरतं चाक नव्हतं आणि काचेसारखी झिलईही नव्हती. तरी भांडी उत्तम होती. स्पॅनिश सेनापती कोर्तेस याच्याबरोबर आलेला शिपाई बेर्नाल दियास याने लिहून ठेवलंय की मोक्तेसुमा राजाचं जेवण चोलुला गावच्या लाल आणि काळ्या मातीच्या भांड्यांत वाढलं जाई. कोकोचं पेय मात्र सोन्याच्या पेल्यांतून येई. चोलुलाच्या भांड्यांची चमक दगडाने घोटून आणलेली असे. भांडं अर्धवट वाळलं की त्यावर रंगीत मातीचा पातळ लेप द्यायचा आणि गुळगुळीत गोट्याने तासन्‌तास घोटत बसायचं. मातीचे कण चपटे होऊन एकावर एक निजतात आणि पृष्ठभाग चमकू लागतो. वर वेगळं काही चढवलेलं नसतं, चमकते ती मातीच. तुमचा चंबू आणि काळा पेला या जुन्या घराण्यातले आहेत.

स्पॅनिशांनी चाक आणलं, बंद भट्टी आणली आणि शिशाची झिलई आणली. तुमचा तपकिरी मग त्या दुसऱ्या घराण्यातला. त्याला हार्रितो म्हणतात. मेक्सिकोत हा मग घरोघरी असतो: काफे दे ओया, म्हणजे मातीच्या भांड्यात गूळ आणि दालचिनी घालून उकळलेली कॉफी, यातूनच प्यायची, मक्याच्या पिठाचं गरम आतोलेही यातूनच. जत्रेत नावं लिहिलेले हार्रितो मांडलेले असतात, आपलं नाव शोधून घ्यायचं. फुलांचं काम जवळून बघा. पांढऱ्या मातीच्या पातळ घोळात कुंचला बुडवून एका दाबात एक पाकळी काढलेली असते: कुंचला टेकवला, दाबला, उचलला. सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती अशी ती पाकळी बोटाला किंचित उंच लागते. सराव असलेला हात अख्खं फूल काढायला काही सेकंदच घेतो. या फुलांवर मग पारदर्शक झिलई चढते आणि भट्टीत तिची काच होते.

ती काच शिशाची असते, आणि खरी अडचण तिथे आहे. मेक्सिकन कुंभार तिला ग्रेता म्हणतात. ग्रेता म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आपल्या जुन्या वैद्यकात ज्याला मुरदाडशिंग म्हणतात ते. ते कमी आचेवर वितळतं, मातीतल्या वाळूला धरून काच बनवतं, रंग खुलवतं आणि स्वस्तही असतं. लाकडावर चालणाऱ्या खेड्यातल्या भट्टीसाठी यापेक्षा सोयीचं काही नव्हतं, म्हणून ते चारशे-साडेचारशे वर्षं टिकलं. पण शिसं काचेत पक्कं बांधलं जायला साधारण ९८० ते १००० अंश सेल्सिअसची आच लागते आणि ती काही वेळ टिकावी लागते. लाकडाच्या भट्टीत बऱ्याचदा ८०० ते ९०० अंशांवरच काम आटोपतं. काच दिसायला सुंदर होते, पण आतलं शिसं मोकळं राहतं. त्यात काही आंबट किंवा गरम ओतलं आणि ते बराच वेळ तसंच राहिलं की शिसं पेयात उतरतं. लिंबू सरबत, चिंचेचं पन्हं, कोकम सरबत, सोलकढी, काळी कॉफी, ही सगळी यादी घातकच. चहा त्या मानाने कमी आंबट, पण गरम असतो आणि रोज प्यायला जातो.

आपल्याकडे लोक हमखास म्हणतात, ‘आजी चिनी मातीच्या बरणीत वर्षानुवर्षं लोणचं ठेवायची, तिला काय झालं?’ बरणी आणि हार्रितो दोघेही चकाकतात, पण आतून फार वेगळे आहेत. बरणीची माती बाराशे अंशांच्या आसपास भाजून दगडासारखी टणक झालेली असते आणि तिची झिलईही त्या आचेला मुरलेली असते. त्या आचेला हार्रितो ठेवला तर त्याचं भांडं राहणार नाही, वितळून गोळा होईल. म्हणून बरणीवरचा विश्वास या मगावर ठेवू नका.

हिरवी भांडी तर आणखी सांभाळून हाताळायची. वाहाकातलं आत्सोम्पा आणि मिचोआकानातलं पाताम्बान ही गावं हिरव्या झिलईसाठी प्रसिद्ध आहेत. मिचोआकानातल्याच सान होसे दे ग्रासिया गावात अननसाच्या आकाराची मोठी हिरवी भांडी करतात. एकेक डोळा हाताने लावलेला, काहींना भोवती छोटे पेले टांगलेले, फळांचं पंच वाढण्यासाठी. मला ही भांडी अतिशय आवडतात. पण हा हिरवा रंग तांब्यामुळे येतो, आणि शिशाच्या झिलईत तांबं मिसळलं की शिसं आणखी सहज सुटतं. आज त्या गावांत शिशाविना काम करणारे कारागीर आहेत. जुनं किंवा अनोळखी हिरवं भांडं मात्र शोभेलाच ठेवावं.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. मेक्सिकोच्या २०१८-१९ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १७ टक्के मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आढळलं, आणि झिलईच्या भांड्यांत रांधणं-खाणं हे त्यामागचं एक मुख्य कारण मानलं जातं. सगळ्यात आधी झळ बसते ती कुंभाराच्याच घराला. ग्रेताचा घोळ अंगणात, चुलीजवळ कालवतात, मुलं तिथेच खेळत असतात. त्या लोकांना हे कळत नाही असं अजिबात नाही. हस्तकलेसाठी १९७४ मध्ये स्थापन झालेली फोनार्त ही सरकारी संस्था १९९० च्या दशकापासून बोरॉनवर आधारलेली शिशाविना झिलई गावोगाव नेते आहे. पण तिला आच जास्त आणि एकसारखी लागते, म्हणजे भट्टी सुधारावी लागते. आणि गिऱ्हाईक बाजारात उभं राहून म्हणतं, ‘पहिल्यासारखी चमक नाही.’ दोन पैसे कमी मिळणार असतील तर कुंभाराने बदल कशाच्या जोरावर करायचा? म्हणून मी सगळ्यांना सांगते, शिशाविना केलेलं भांडं दिसलं तर चार पैसे जास्त देऊन घ्या.

तळाला ‘सिन प्लोमो’ किंवा ‘लिब्रे दे प्लोमो’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ शिशाविना. ही खूण चांगली, पण शेवटचा शब्द नव्हे. कुंभाराने झिलई बदलली तरी भट्टीच्या भिंतींत, कुंचल्यात, दळायच्या जात्यात जुनं शिसं मुरलेलं असतं आणि नव्या भांड्यावर येतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला ‘शिशाविना’ म्हणून विकल्या गेलेल्या भांड्यांतही शिसं सापडलं आहे.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण मुलीला दुकानदाराने तो नक्की सांगितला असेल: ‘भांडं एकदा शिजवून घ्या, मग काही होत नाही.’ मेक्सिकोत नवं भांडं तयार करायची रीत आहे खरी. लसूण चोळायचा, चुन्याच्या निवळीत उकळायचं, कुठे दूध किंवा गूळपाणी घालून तापवायचं. झिलई नसलेल्या भांड्यासाठी रीत उत्तम आहे, त्याने छिद्रं बुजतात आणि मातीचा कच्चा वास जातो. शिसं मात्र त्याने जात नाही. व्हिनेगरने धुऊनही नाही.

आता काळा पेला. हे काम सान बार्तोलो कोयोतेपेक या वाहाका शहराजवळच्या गावचं. तिथली माती मुळात काळी नाही, राखाडी असते. भांडं दोन बश्यांवर घडवतात: एक बशी पालथी, तिच्यावर दुसरी उताणी, आणि वरची हाताने फिरवत भिंत उचलत न्यायची. आस नाही, पायाने मारायचं चाक नाही. बशी डगमगते आणि हात ती डगमग सावरत राहतो. मी प्रयत्न केला तेव्हा मनगट आणि नजर दोन्ही नव्याने शिकावी लागली. मग भांडी जमिनीत खणलेल्या भट्टीत रचतात आणि आच पुरेशी चढली की सगळी तोंडं चिखलाने लिंपून टाकतात. आत हवा उरत नाही. जाळाला लागणारा प्राणवायू मातीतल्या लोहातून ओढला जातो, धूर मातीत शिरतो, आणि भांडं काळं होऊन बाहेर येतं. रंग लावलेला नसतो. खात्री करायची असेल तर पायाशी कुठे टवका उडाला असेल तिथे बघा, आतही गडदच दिसेल.

या गावची जुनी भांडी चमकत नसत. ती मंद राखाडी, टणक असत. बोट मारलं की घंटेसारखी वाजत आणि त्यांतून मेस्काल नावाची दारू दूरवर वाहून नेत. १९५० च्या दशकात दोन्या रोसा, म्हणजे रोसा रेआल मातेओ यांनी वाळत आलेलं भांडं गारगोटीने घोटलं आणि थोड्या कमी आचेवर भाजलं. त्यातून ही काळी लखलखीत चमक आली आणि गावाचं नाव जगभर गेलं. पण कमी आचेची किंमत मोजावी लागली: भांडं सच्छिद्र राहिलं, पाणी धरेना. जास्त भाजलं तर चमक जाते, कमी भाजलं तर पाणी राहत नाही. या पेचातून गावाने चमक निवडली, आणि मला ती निवड पटते, कारण तोवर प्लॅस्टिकच्या आणि पत्र्याच्या भांड्यांनी त्यांचं जुनं गिऱ्हाईक पळवलंच होतं. तुमचा पेला चमकतो, म्हणजे तो बघायचा पेला आहे. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. साबण नको, भिजत ठेवणं नको, नाहीतर चमक डागाळते.

विटकरी चंबू बहुधा हालिस्कोतल्या तोनालाचा. वर्णनावरून आणि मुलगी ग्वादालाहाराला गेली होती यावरून मी हा अंदाज करते; तोनाला त्या शहराला लागूनच आहे. तोनालाच्या घोटलेल्या मातीची गोष्ट फार जुनी आहे. सतराव्या शतकात तिथले पाण्याचे पेले आणि चंबू जहाजांतून स्पेनला जात, त्यांना बुकारो म्हणत. पाणी ओतलं की माती सुगंध सोडते, पाणी गार राहतं, याचं स्पेनच्या सरदारघराण्यांतल्या बायकांना वेड होतं. त्या पाणी पिऊन झाल्यावर पेल्याचे तुकडेही चघळत, त्याने कांती गोरी होते या समजुतीने. (आपल्याकडे डोहाळे लागलेल्या बाईला पहिल्या पावसाचा वास आला की काय होतं ते आठवा, मग फारसं नवल वाटणार नाही.) वेलास्केसच्या १६५६ च्या ‘लास मेनिनास’ या चित्रात चांदीच्या तबकातून छोट्या राजकन्येपुढे एक लाल पेला धरलेला दिसतो, तो तोनालाचा बुकारो असावा असं बरेच अभ्यासक मानतात. माद्रिदच्या अमेरिका संग्रहालयात अशा बुकारोंचा मोठा संग्रह आहे.

तोनालाच्या चंबूवर फिकट राखाडी-निळ्या, गुलाबी, तपकिरी रंगांत ससे, पक्षी किंवा माणसासारखा हसणारा मांजराच्या तोंडाचा नाउआल हा मायावी प्राणी काढलेला असतो. रंग मातीचेच, आणि घोटाईने ते पृष्ठभागात बसलेले. नखाने हळूच टोकरा: काचेचा थर नसेल तर नख किंचित अडखळतं, आणि ओला हात लावला की तिथली माती काही क्षणांत पाणी पिते. ही चाचणी आतून, तोंडाशी करा; झिलईच्या भांड्याचाही तळ बऱ्याचदा कोरा असतो. पाणी शोषलं गेलं तर झिलई नाही आणि शिशाचीही चिंता नाही. पहिल्यांदा रात्रभर पाणी भरून ठेवा, ते फेकून द्या, मग वापरा. बाहेरून घाम आल्यासारखा ओलावा दिसेल. पाणी त्यानेच गार होतं. लाकडी टेबलावर मात्र खाली बशी ठेवा. दूध, ताक, सरबत यात नको, कारण माती ते पिऊन घेते आणि मग आंबूस वास जात नाही.

हालिस्कोत टकीला, संत्रं, ग्रेपफ्रूट, लिंबू आणि मीठ घालून केलेलं पेय मातीच्या कांतारितोत, म्हणजे छोट्या घड्यात देतात. पेय भलतंच आंबट, पण चांगला विक्रेता ते कोऱ्या, बिनझिलईच्या भांड्यातच ओततो. मुलगी पुन्हा गेली आणि तिला प्यायची इच्छा झाली तर आतून कोरं भांडं मागायला सांगा.

निळा-पांढरा कप प्वेब्ला शहराच्या तालाबेरा पद्धतीचा दिसतो. इथली झिलई कथलाची, दुधाळ, अपारदर्शक. खालची माती झाकून पांढरं अंग तयार होतं आणि त्यावर कोबाल्टचा निळा उठतो. प्वेब्लाच्या कुंभारसंघाने १६५३ मध्येच या कामाचे नियम लिहून ठेवले होते. चिनी मातीची भांडी मनिलाहून गलबतांनी आकापुल्कोला येत, त्यांचीच छाप या निळ्या नक्षीवर पडली. त्याच मनिलाच्या वाटेने हिंदुस्थानातून पकडून नेलेली कातारिना दे सान ह्वान नावाची मुलगी प्वेब्लाला पोचली आणि १६८८ मध्ये तिथेच वारली. शहर आजही तिला विसरलेलं नाही. गोव्यात पणजीला निळ्या-पांढऱ्या आझुलेजु फरशा पाहिल्या असतील, तर हे काम तुम्हाला ओळखीचं वाटेल, कारण दोन्हींचं मूळ स्पेन-पोर्तुगालच्या त्याच कथलाच्या झिलईत आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने प्वेब्ला, त्लाक्सकाला आणि स्पेनमधल्या या कामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

खऱ्या तालाबेरात निळा रंग बोटाला उंच लागतो. तळाला कार्यशाळेचं नाव, रंगवणाऱ्याची आद्याक्षरं आणि प्रमाणपत्राची खूण असते. प्रमाणित कार्यशाळांच्या मालाची शिशासाठी तपासणी होते, तो कप वापरा. तळ कोरा असेल किंवा रंग छापील चिकटचित्रासारखा सपाट असेल, तर तो तालाबेराची नक्कल. त्याला हार्रितोचेच नियम.

अस्सलपणाबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण त्यावरून लोक चांगली भांडी नाकारतात. मगाच्या आत उभी शिवण दिसली की ‘साच्यातला आहे, म्हणजे कारखान्याचा’ असं म्हणतात. मेक्सिकोत भाजलेल्या मातीचे साचे स्पॅनिशांच्या कितीतरी आधीपासून आहेत, तेओतिवाकान या प्राचीन शहरातले कारागीरही ते वापरत. मिचोआकानात आजही मातीची पोळी लाटून दोन अर्ध्या साच्यांत दाबतात, जोड बोटाने पुसतात आणि कान हाताने लावतात. शिवणीने भांडं खोटं ठरत नाही. मी बघते ते कानाच्या मुळाशी अंगठ्याचा दाब आहे का, आणि दोन पाकळ्या तंतोतंत सारख्या तर नाहीत ना.

आता तपकिरी मगाची तपासणी. घरगुती पट्टीने किंवा बोळ्याने पुसून गुलाबी-लाल रंग आला तर शिसं आहे, विषय संपला. रंग नाही आला तर मात्र मग सुरक्षित ठरत नाही, कारण कमी प्रमाण या चाचणीतून सुटतं. खात्रीची चाचणी प्रयोगशाळेत होते: भांड्यात ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास ठेवतात आणि उतरलेलं शिसं मोजतात. अमेरिकेत पेल्या-मगांसाठी लिटरला ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. मुंबई-पुण्यात एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळांत ही चाचणी होते का ते आधी फोन करून विचारा. एका मगासाठी एवढा खर्च नको वाटला तर त्यात पेनं ठेवा. सुकामेवा, बडीशेप, मुखवास नको. हात तिथून तोंडात जातो.

आणि यातून आतापर्यंत रोज चहा घेतला असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि तिनेही यातून घेतलं असेल, तर आधी त्यांची तपासणी.